भारनियमन

देवगडच्या पश्चिमेला, पस्तीस हजार फुटांवर
आधी डावा जनरेटर गेला.
एक पिवळा दिवा, तेवढंच.
"एकावरही मुंबई गाठता येते,"
कॅप्टन मस्कारेन्हस म्हणाले,
आणि त्यांचं 'येते' अंधारात पडलं.

माझ्या बाजूचे पडदे काळे.
त्यांच्याकडचे जिवंत, तेही अर्धेच.
पंख्यांची घूंघूं थांबली
तेव्हा कळलं, इतकी वर्षं ती कानात होती.
इंजिनं मात्र चालूच;
दिवे गेल्याची त्यांना खबरच नव्हती.

हात आपोआप उठला स्विचांकडे.
आणि म्हापणच्या पोलाखाली उभे बाबा,
वायरमन वासुदेव मेथर,
रबरी हातमोज्याला भोक, काखेत टॉर्च:
"आदी हात खिशात घाल, बाय.
मगे तारेकडे बघ."
गणवेशाला खिसा आहे.
मी हात घातला. आत एक पेपरमिंट होतं.

मग टॉर्च, मग पुस्तक,
मग ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचन,
चौथीत धडा वाचावा तसं.

विमानाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं
कुणाला अंधारात ठेवायचं ते.
पहिली चहाची भट्टी, मग मागचे दिवे,
मग मी.
आमच्या गावात हा कागद वीज कार्यालयाच्या दारावर चिकटवलेला असायचा
आणि लोक बाबांना शिव्या द्यायचे,
जणू कोयनेची चावी त्यांच्याच खिशात.

बॅटरी तीस मिनिटं, पुस्तकात.
पुस्तक नेहमी नव्या बॅटरीबद्दल बोलतं.

चंद्र नव्हता.
खाली मालवणसमोर एलईडीवाल्या बोटींचा बाजार भरलेला,
चोरून मासे खेचणारा पांढरा उजेड.
वळताना तो इतका वर आला
की मला वाटलं तेच आकाश,
खरं आकाश आमच्या पोटाखाली गेलंय.
"बाहेर बघू नकोस," कॅप्टन म्हणाले. स्वतःलाही असेल.
पेल्याच्या तोंडाएवढं ते राखीव क्षितिज,
अर्धं निळं, अर्धं तपकिरी,
त्याच्या रेघेवर एकशे बासष्ट माणसं.

पंचवीस हजारांखाली उतरलो.
शेपटीतलं छोटं इंजिन सुरू करायचं, बॅटरी खर्चून.
पहिल्यांदा नुसती घरघर.
आकडा चोवीसवरून बावीसवर.
आता दुसऱ्यांदा ओढायचं,
की उरलेलं मोप्याच्या धावपट्टीपर्यंत पुरवायचं,
हे पुस्तकात आहे, पण पुस्तकाला घाम येत नाही.
"तू सांग," ते म्हणाले.
मी म्हटलं, "अजून एकदा."
का म्हटलं, ते चौकशीतही नीट सांगता आलं नाही.

त्यांचे पडदे मंद झाले, विझायला आले,
आणि मग माझे उजळले.

दाराच्या मागून आवाज आला
एकशे बासष्ट गळ्यांतून, मल्याळी, मराठी, कुठले कुठले,
तोच, जो म्हापणात पोलावरून बाबा उतरायच्या आत यायचा:
इली रे इली!
शब्द सोडून सगळं तेच.

मोप्याला फायर ब्रिगेड रांगेत उभी होती, कामाशिवाय.
कॅप्टन बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत,
पट्टा सोडून पुन्हा लावत राहिले.
मी पेपरमिंट मोडून अर्धं त्यांना दिलं.

रात्री पावणेदोनला फोन केला.
बाबा पहिल्या रिंगला उचलतात, निवृत्त झाले तरी;
रात्रीचा फोन म्हणजे फीडर.
सगळं ऐकलं. जेवलीस का, विचारलं नाही.
"खयचो फ्यूज गेललो?"
"अजून कळलं नाही, बाबा."
पलीकडे खोकला, मग कडी काढल्याचा आवाज,
ते अंगणात आले असावेत, तारेकडे बघायला.
"मगे बरां," म्हणाले.
"कळलां म्हणतत, तेवाच भियाचां."